दुसऱ्या टोकाचा व्हॉल्व्ह

हवामानाच्या बातम्यांत आमच्या जेऊरचं नाव येतं ते बहुतेक वेळा टोकाच्या आकड्यासाठी. मे महिन्यात पारा चाळिशीच्या पुढे, आणि डिसेंबर-जानेवारीत एखाद्या पहाटे दहाच्याही खाली. करमाळा तालुक्यातलं, पुणे-सोलापूर रेल्वेमार्गावरचं हे गाव; हवामान खात्याची नोंद इथं होते म्हणून पेपरात तरी झळकतं. पण एवढी थंडी पडूनही घर गरम करावं असं आमच्याकडे कुणाच्या डोक्यात आलेलं मी पाहिलं नाही. आपण अंग गरम करतो. सोलापुरी चादर, तिच्यावर वाकळ, पहाटे अंगणात शेकोटी आणि आंघोळीला बंबाचं कढत पाणी. भिंती गार पडल्या तर पडू देत.

इंग्लंडात उलटं आहे. तिथं माणूस घरात पातळ सदरा घालून फिरतो आणि गरम ठेवतो ते घर. थोरल्या लेकीचं बाळंतपण निघालं म्हणून मी आणि आमची मंडळी ऐन थंडीत रेडिंगला गेलो. लंडनपासून रेल्वेनं अर्ध्या-पाऊण तासावरचं शहर. जावई कॉम्प्युटरवाले, घर स्वतःचं पण जुनं, दोन मजली, शेजारच्या घराला भिंत लावून बांधलेलं. बायका बाळ-बाळंतिणीत गुंतल्या. मला काम नव्हतं. जेऊरला माझा जन्म गेला ठिबकच्या जोडण्या, मोटारी आणि पाइपलायनी करण्यात. रिकामं बसायची सवय नाही. त्यामुळे बाळासाठी सजवलेल्या वरच्या मागच्या खोलीत रात्री गारठा का असतो, हा घरातला जुना प्रश्न आपोआप माझ्याकडे आला.

लेक म्हणाली, “आप्पा, ती खोली तशीच आहे. आधीच्या मालकांच्या वेळेपासून.” जावयांनी त्यावर काढलेला उपाय असा होता की त्या खोलीतला रेडिएटर पूर्ण सोडायचा आणि खाली जिन्यापाशी भिंतीवर असलेल्या थर्मोस्टॅटचा आकडा वाढवायचा. आकडा तेवीस-चोवीसवर गेला की दिवाणखान्यात घाम फुटायचा, वर मात्र बाळाला टोपडं घालूनच निजवायचं. युक्रेनच्या युद्धानंतर तिकडं गॅस महागला, तेव्हा बिलाचं दुखणं होतंच.

मी आधी गरम पाण्याची सगळी वाट बघून घेतली. स्वयंपाकघरात भिंतीवर गॅसचा बॉयलर. तो पाणी तापवतो, आतला पंप ते पाणी तांब्याच्या पाइपांतून घरभर ढकलतो. प्रत्येक खोलीत खिडकीखाली लोखंडी पत्र्याचा चपटा रेडिएटर. गरम पाणी एका अंगानं त्यात शिरतं, खोलीला ऊब देऊन दुसऱ्या अंगानं बाहेर पडतं आणि परतीच्या पाइपनं पुन्हा बॉयलरकडे जातं. आमच्या मंडळींनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं, “हेच पाणी न्हाणीत येतं काय?” येत नाही. नळाचं गरम पाणी वेगळं तापतं. रेडिएटरमधलं पाणी कोंडलेलं असतं, तेच ते वर्षानुवर्षं फिरत राहतं, आणि एखादा जोड सोडवला तर शाईसारखं काळं बाहेर येतं. आतून लोखंड झिजतं, त्याचा तो गाळ.

रेडिएटरच्या तळाशी दोन बाजूंना दोन व्हॉल्व्ह असतात. एकावर पांढरी जाडसर मूठ, तिच्यावर 1 ते 5 आकडे आणि बर्फाच्या कणासारखी एक खूण. दुसऱ्यावर नुसती प्लॅस्टिकची टोपी. घरात येणारा-जाणारा प्रत्येक माणूस त्या आकडेवाल्या मुठीशी खेळतो. टोपीखाली काय आहे हे जावयांनाही ठाऊक नव्हतं.

आकडेवाल्या व्हॉल्व्हबद्दल मात्र मी आदरानंच बोलेन. वीज नाही, सेल नाही, तार नाही. मुठीच्या पोटात एक डबी असते, तिच्यात मेण किंवा लवकर फुगणारा द्रव भरलेला. खोलीतली हवा तापली की ते फुगतं आणि खालची बारीक पिन दाबतं. पिन दाबली की पाण्याची वाट आवळते. हवा गार झाली की डबीतलं मेण आकसतं, स्प्रिंग पिनेला वर ढकलते आणि वाट पुन्हा उघडते. दिवसभर हे आपलं आपण चालू असतं. डेन्मार्कच्या मॅड्स क्लाउसेन यांनी 1933 मध्ये काढलेल्या डॅनफॉस कंपनीनं 1943 मध्ये असा व्हॉल्व्ह बनवला. रेडिएटर त्याच्या कितीतरी आधीचा, फ्रान्झ सान गाली यांनी सेंट पीटर्सबर्गमध्ये 1850 च्या दशकात केलेला. म्हणजे खोली किती तापली हे ओळखून स्वतःहून आवळणारा व्हॉल्व्ह यायला जवळपास नव्वद वर्षं गेली. तोवर फिरकीचे साधे व्हॉल्व्ह होते, आणि बाळाच्या खोलीत अजून तसलाच एक होता.

आता त्या आकड्यांचं. बाहेरून गारठून आलेला माणूस मूठ पाचवर नेतो, लवकर ऊब यावी म्हणून. लवकर येत नाही. तीनवर ठेवा की पाचवर, थंड खोलीत व्हॉल्व्ह सारखाच सताड उघडा असतो आणि रेडिएटर तेवढ्याच वेगानं तापतो. आकडा फक्त कुठं थांबायचं ते सांगतो. तीनचा अर्थ साधारण वीस अंश, कंपनीगणिक थोडा इकडे-तिकडे. पाचवर ठेवलं तर खोली पंचविशीच्या पलीकडे गेली तरी व्हॉल्व्ह आवळायला तयार होत नाही, मग लोक खिडकी उघडतात, आणि खिडकीतून आलेल्या गार हवेनं डबी आकसून व्हॉल्व्ह आणखीच उघडतो. गॅस जाळून रस्ता तापवायचा हा प्रकार. बर्फाची खूण म्हणजे सात अंशांच्या आसपास. पाणी गोठून पाइप फुटू नये एवढ्यापुरती. घर बंद करून गावाला जाताना ती लावतात.

दुसरी गोष्ट पडद्यांची. तिकडं पडदे जमिनीपर्यंत सोडतात आणि रेडिएटर नेमका खिडकीखाली. रात्री पडदा ओढला की मूठ पडद्याआड जाते. तिथली कोंडलेली हवा भराभर तापते, डबीला वाटतं खोली तापली, आणि ती पाणी तोडते. पडद्याच्या अलीकडे माणूस कुडकुडतोय ह्याचा तिला पत्ता नाही. आमच्या खोलीचा पडदा मी रेडिएटरच्या मागे खोचला, त्या रात्रीपासून मंडळींची तक्रार मिटली. मुठीवर ओले मोजे वाळत घालणाऱ्यांनीही हे ध्यानात घ्यावं. ओलं कापड गार, म्हणजे डबीची फसगत उलट्या दिशेनं.

पण बाळाच्या खोलीचं दुखणं ह्यातलं नव्हतं. तिथं फिरकी पूर्ण उघडी, पडदा आखूड, तरी रेडिएटर कोमटच. मी सकाळी सगळी यंत्रणा गार असताना जावयांना बॉयलर चालू करायला सांगितलं आणि हातानं चाचपत घरभर फिरलो. जिन्यापाशीचा रेडिएटर काही मिनिटांतच हात न ठेवण्याइतका तापला. मग दिवाणखाना. मग वरची पुढची खोली. मागच्या खोलीपर्यंत पाणी पोहोचतंय न पोहोचतंय तोवर खाली टिक असा आवाज झाला आणि बॉयलर थांबला.

हे दुखणं मला तोंडपाठ होतं. उजनी धरणाच्या फुगवट्यावरून आमच्याकडे केळीला पाणी येतं, ते लांबलांबच्या पाइपलायनीतून. रानात ठिबक टाकलं आणि सबमेनचे सगळे व्हॉल्व्ह सताड सोडले की डोक्याकडच्या ओळी तुंबतात आणि शेंड्याकडची केळी सुकते. शेतकरी म्हणतो मोटार लहान पडली, मोठी आणू. मोटार ठीक असते. पाणी जवळच्या, सोप्या वाटेनं जातं एवढंच. डोक्याकडचे व्हॉल्व्ह आवळायचे, दाब आपोआप शेंड्याला जातो. कंदर, वाशिंबे, केत्तूर भागात हे काम मी इतक्या रानांत केलंय की झोपेतही करीन. उजनीचं पाणी मृतसाठ्याच्याही खाली, मायनसमध्ये गेलं की मात्र कुठलाही व्हॉल्व्ह आवळून उपयोग नसतो, पण ते दुःख वेगळं.

रेडिंगच्या घरात डोक्याकडचा व्हॉल्व्ह म्हणजे जिन्यापाशीचा. तो बॉयलरच्या सगळ्यात जवळ, म्हणून पाणी तिथंच ओरपलं जात होतं. आणि थर्मोस्टॅटही नेमका त्याच्याच डोक्यावर भिंतीत बसवलेला. जिना तापला की त्यानं समजायचं घर तापलं आणि बॉयलर बंद करायचा. मागची खोली रांगेत शेवटी, तिचा नंबर येईपर्यंत खेळ संपलेला. थर्मोस्टॅटचा आकडा वाढवून काय होणार? पुढच्या खोल्या आणखी भाजणार.

पाणी असं वाटून देण्याचं काम दुसऱ्या टोकाचा तो टोपीवाला व्हॉल्व्ह करतो. तिकडं त्याला लॉकशील्ड म्हणतात. टोपी काढली की आत चौकोनी दांडा, तो पान्यानं फिरवायचा. एकदा बसवला की कुणी हात लावू नये म्हणूनच त्याला मूठ दिलेली नसते. ह्या घरात तो बसवणाऱ्यानं सगळीकडे पूर्ण उघडा सोडला होता. पाणी फिरलं, पैसे घेतले, गेला. असे कामगार जेऊरलाही आहेत.

मी मागच्या खोलीचा लॉकशील्ड पूर्ण उघडा ठेवला. जिन्यापाशीचा पूर्ण बंद करून मग जेमतेम पाव फेरा सोडला. मधल्या खोल्यांचे त्यांच्या अंतराप्रमाणे. जावयांनी पिस्तुलासारखं एक तापमापक यंत्र मागवलं होतं, नुसतं रोखलं की आकडा दाखवणारं. चकचकीत तांब्याच्या पाइपवर ते खोटं बोलतं. पाइपला काळी टेप गुंडाळून तिच्यावर रोखलं की खरं सांगतं. आत जाणारा पाइप आणि बाहेर येणारा पाइप ह्यांच्यात किती फरक पडतो ते पाहायचं. जुना ठोकताळा अकरा-बारा अंशांचा आहे. नव्या बॉयलरना वीसपर्यंतचा फरक मानवतो. मोठा आकडा साधण्यापेक्षा सगळ्या खोल्यांत तो सारखा येणं महत्त्वाचं. पाव फेरा द्यायचा, चहा प्यायचा, पुन्हा मोजायचं. घाई केली की आधी केलेलं बिघडतं, कारण एका ठिकाणचं पाणी तोडलं की दुसरीकडे वाढतं. दोन दिवसांत घर एकसारखं तापायला लागलं. थर्मोस्टॅट एकोणिसावर आला आणि तिथंच राहिला.

मग जावई म्हणाले, “मामा, आता मोबाइलवरून चालणारे व्हॉल्व्ह बसवू या का सगळीकडे?” मी म्हणालो, “आधी बाळाच्या खोलीत साधा आकडेवाला बसवू, जावईबापू. मोबाइलचं मग बघा.” माझं मत आजही तेच आहे. पाणी नीट वाटलेलं नसेल तर मोबाइल तुम्हाला इतकंच सांगेल की खोली गार आहे. ते नाकाच्या शेंड्यालाही कळतं.

व्हॉल्व्ह बदलण्याचं काम मी आणि जावयांनी मिळून केलं. आधी बॉयलर बंद करून पाणी गार होऊ दिलं. सगळ्यात खालच्या तोटीला नळी लावून वरच्या मजल्याचं पाणी मागच्या अंगणातल्या गटारात सोडलं. रेडिएटरखाली जुने टॉवेल आणि चपटं भांडं ठेवलं, कारण काळ्या पाण्याचा डाग गालिच्यावरून जात नाही आणि तिकडं घरभर गालिचे. जुना व्हॉल्व्ह सोडवताना एका पान्यानं व्हॉल्व्ह धरायचा आणि दुसऱ्यानं नट फिरवायचा. नाहीतर पाइपलाच पीळ बसतो आणि फरशीखालचा जोड हलतो. रेडिएटरच्या तोंडाला अर्ध्या इंचाचे आटे होते, आणि मला हसू आलं. आपल्याकडच्या जीआय पाइपला जे आटे असतात त्याच मापाचे. आपण ते साहेबाकडूनच घेतले आणि दोन्हीकडे तसेच राहिले. त्यांच्यावर टेफ्लॉन टेप आट्यांच्या दिशेनं गुंडाळून नवा तुकडा बसवला. पाइपच्या बाजूचा जोड निराळा. तिथं पितळेची बारीक रिंग पाइपवर चढवतात, नट आवळला की ती पाइपला घट्ट चावते. ह्या आट्यांना टेप लागत नाही. आवळायचंही बेतानं, फार जोर केला की रिंग चेपते आणि हमखास गळते.

व्हॉल्व्हवर बाण असतो तोही पाहावा. जुन्या बनावटीच्या व्हॉल्व्हमधून पाणी एकाच दिशेनं गेलं पाहिजे, उलटं बसलं तर भिंतीत कुणी हातोडा मारतंय असा आवाज येतो. आम्ही दोन्ही दिशांचा बाण असलेला आणला. आणि जिन्यापाशी, जिथं भिंतीवर थर्मोस्टॅट आहे, तिथं आकडेवाला व्हॉल्व्ह मुद्दामच बसवला नाही. एका खोलीत दोन कारभारी नकोत. व्हॉल्व्हनं आपल्या हिशेबानं पाणी तोडलं की जिना कधीच पुरता तापत नाही, थर्मोस्टॅटचं समाधान होत नाही आणि बॉयलर धापा टाकत राहतो.

पुन्हा पाणी भरलं तेव्हा पाइपांत हवा कोंडली. रेडिएटरचा वरचा भाग गार आणि खालचा गरम लागला की समजायचं, आत हवा आहे. आम्ही पाइपलायनीच्या उंचवट्यावर एअर व्हॉल्व्ह लावतो. रेडिएटरच्या वरच्या कोपऱ्यात तसाच एक लहानसा स्क्रू असतो. पंप बंद ठेवून त्याला चावीनं अर्धा फेरा द्यायचा, फुसफुस ऐकायची, पाण्याची धार आली की बंद. मग बॉयलरचा काटा पाहायचा. यंत्रणा गार असताना दाब एक ते दीड बार हवा. म्हणजे आपल्या ठिबकला लागतो तेवढाच, एक-दीड किलो. आणि गंज धरू नये म्हणून पाण्यात जे औषध घालतात ते जेवढं पाणी सोडलं त्या हिशेबानं परत घालायचं. हे लोक विसरतात, आणि मग पाच-सात वर्षांनी पंप गाळानं जाम होतो.

नंतर जावयांच्या ओळखीतल्या एका मराठी कुटुंबाचा फोन आला: त्यांच्याकडे एक रेडिएटर अजिबात तापत नव्हता. मी जाऊन पांढरी मूठ सोडवली, आत पिन खाली अडकलेली. उन्हाळाभर व्हॉल्व्ह बंद ठेवला की ती तशीच धरून बसते. पान्याच्या पाठीनं हलकेच दाबली, बाजूनं टकटक केलं, ती टुणकन वर आली. पकडीत धरून ओढायची नाही, उपटून आली तर पाण्याचं कारंजं सुरू होतं. त्यांनी मला जेवायला ठेवून घेतलं, पिठलं-भाकरीचा बेत होता. दोन मिनिटांच्या कामाला एवढी मजुरी मला जेऊरला कुणी दिलेली नाही.

शेवटी बॉयलरच्या पाण्याचं तापमान. ते पंचाहत्तरवर होतं, जावयांनी बॉयलरच्याच बटणानं साठवर आणलं. हे नवे बॉयलर बाहेर जाणाऱ्या वाफाळ धुरातलीही उष्णता काढून घेतात, पण परत येणारं पाणी साधारण 55 अंशांच्या खाली असेल तरच. पाणी फार कढत फिरवलं तर तो फायदा धुराड्यातून निघून जातो. रेडिएटर हाताला पहिल्याइतका चटका देत नाही म्हणून सुरुवातीला घरातल्यांना चुकल्यासारखं झालं, पण खोल्या उबदार होत्या आणि बिल उतरलं. बॉयलरचं झाकण मात्र मी उघडलं नाही. गॅसला हात लावायचा तर तिकडं गॅस सेफ नोंदणी असलेला माणूसच लागतो, तसा कायदा आहे, आणि तो योग्य आहे. पाण्याची बाजू आपली, गॅसची बाजू त्यांची.

आता आमच्या भागातली बरीच पोरं बाहेरदेशी आहेत आणि नातवंडांसाठी आई-वडील थंडीतच बोलावले जातात. त्यांच्यासाठी एवढंच सांगतो. खोली गार लागली तर पोरांना थर्मोस्टॅट वाढवायला सांगू नका. आधी पडदा मागे खोचा, मूठ तीनवर ठेवा आणि रेडिएटर वर गार आहे की खाली ते हातानं बघा. एकच खोली कायम गार असेल तर टोपीखालचा दुसरा व्हॉल्व्ह तपासायला सांगा. आणि उन्हाळा लागून परत निघालात की जाण्याआधी घरातल्या सगळ्या मुठी पाचवर फिरवून ठेवा. घर तापवणं बंदच असतं, त्यासाठी गॅस जळत नाही, आणि पुढच्या थंडीत पिन अडकत नाही.